तेवढं प्लास्टिक काढायचं राहिलंय

नव्या खिडकीवरची फिल्म काढतानाचे रील्स तुम्ही पाहिले असतील. एक कोपरा नखाने उचलायचा, दोन बोटांत धरायचा आणि सर्रकन ओढायचं. अख्खी पट्टी एका दमात निघते, खालून पांढरीशुभ्र चौकट दिसते आणि आपल्याला उगाचच बरं वाटतं. पुण्यातल्या पीजीच्या कॉटवर पडून मी असले पुष्कळ रील्स पाहिलेत. त्यामुळे बदलापूरच्या घराच्या खिडक्यांचं प्लास्टिक काढायला सुट्टी टाकावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. शनिवारी सकाळी जायचं, दुपारपर्यंत काढायचं, रात्री डोंबिवलीला आईच्या हातचं जेवून झोपायचं, असा हिशोब होता.

चार दिवस लागले. आणि तरी थोडं राहिलंच.

आधी घराबद्दल सांगते. मी जन्मल्यापासून आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहत होतो. सहा घरं बदलली. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की पुढचा अकरा महिन्यांचा. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही प्रत्येक मालकाची पहिली अट. त्यामुळे आमचं कालनिर्णय कायम दाराच्या कडीला लटकलेलं असायचं आणि दार उघडताना पाडव्यापासून दिवाळीपर्यंत सगळं वर्ष फडफडायचं. २०१७ साली बाबांनी बदलापूरला बुकिंग केलं. ज्याला डोंबिवलीत परवडत नाही तो कल्याणला, ज्याला कल्याणला परवडत नाही तो अंबरनाथ-बदलापूरला, हा मध्य रेल्वेवरचा नियमच आहे. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजाराहून जास्त माणसांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, त्या आठवड्यात आमच्या घरी फोन थांबत नव्हते. आपली बिल्डिंग नदीपासून किती लांब आहे, हे बाबांनी निदान वीस नातेवाइकांना समजावलं असेल.

ताबा मिळाला डिसेंबर २०२१ मध्ये. बिल्डरने लावलेल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या हलवल्या की खडखडायच्या. त्या बघून बाबा म्हणाले, या काढायच्या. आपण यूपीव्हीसीच्या बसवू.

“प्लास्टिकच्या खिडक्या?” आई म्हणाली. “बादलीसारख्या?”

बाबा एकतीस वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात एक्स्ट्रूडर मशिनवर होते. आईचा प्रश्न त्यांना लागला. मग त्यांनी आम्हाला शिकवणी दिली. पीव्हीसी मुळात कडकच असतं. त्यात मऊपणा आणणारं रसायन घातलं की त्याची रेनकोटपासून वायरच्या वेष्टनापर्यंत काय वाटेल ती लवचीक वस्तू होते. ते नाही घातलं की त्याच्या नावात पुढे ‘यू’ लागतो, अनप्लास्टिसाइज्ड. पाइप आणि खिडकी ही सख्खी भावंडं. फक्त खिडकीत टायटॅनियम डायऑक्साइड जास्त घालतात, म्हणजे ऊन सोसतं आणि पांढरं राहतं. चौकट आतून पोकळ, पोकळीत कप्पे, कप्प्यात गंजू नये म्हणून जस्त चढवलेली लोखंडी पट्टी. आणि कोपऱ्याला स्क्रू नाही! पट्ट्या ४५ अंशांत कापतात, तापलेल्या पत्र्याला टेकवतात, २५० डिग्रीच्या आसपास, आणि वितळलेली टोकं एकमेकांवर दाबतात. गार झालं की तो कोपरा एकजीव.

आमच्या खिडक्यांचे कोपरे जोडले जात होते त्या दिवशी बाबा फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये डबा घेऊन गेले होते. दिवसभर बसले. लग्नातल्या मुलीच्या बापासारखे, असं आई म्हणते.

मार्च २०२२ मध्ये खिडक्या बसल्या. हॉलची, बेडरूमची, स्वयंपाकघराची, आणि बाथरूमची एवढीशी. अक्षय्य तृतीयेला, ३ मेला, वास्तुशांत करायची ठरलं. आईने भटजींना ॲडव्हान्स दिला. आणि एप्रिलमध्ये कारखान्याने ५५ च्या वरच्या ऑपरेटरांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. कागदावर ‘स्वेच्छा’ असा शब्द होता. बाबा ५६ चे होते.

वास्तुशांत पुढे गेली. मग आषाढ लागला. मग बाबा म्हणाले पाऊस संपू दे. मग पितृपक्ष. दिवाळीत आईला टायफॉइड. मग पौष. आमच्या घरात कुणी फारसं पंचांग मानत नव्हतं, पण त्या वर्षी बाबांनी ते पाठ केलं. मी फोनवर विचारायचे, “कधी जाताय राहायला?” बाबांचं उत्तर ठरलेलं. “होईल गं. किरकोळ कामं आहेत. खिडक्यांचं तेवढं प्लास्टिक काढायचं राहिलंय.”

मला हे खरंच वाटत होतं. म्हणजे मला खरं मानायचं होतं. एका घराचं भाडं अकरा हजार, दुसऱ्या घराचा हप्ता अठरा हजार चारशे. मी महिन्याला दहा हजार पाठवत होते आणि बाकीचं कुठून येतंय हे विचारत नव्हते.

एप्रिल २०२३ मध्ये आईने फोटो पाठवला. हॉलच्या खिडकीखालची भिंत, रंगाला फोड आलेले, तपकिरी ओघळ. आदल्या पावसाळ्यात पाणी आत आलं होतं. तेव्हाच आलं होतं, मला आत्ता कळत होतं. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी येणारच, ते बाहेर जायला पुढच्या अंगाला बारीक खाचा ठेवलेल्या असतात. आमच्या खाचांत सिमेंटचा गाळ बसला होता, आणि कडेने सुटलेली फिल्म लोंबून त्यांच्यावर चिकटली होती. ट्रॅक भरला आणि पाणी घरात उतरलं.

“अहो, ते प्लास्टिक काढा की,” असं आई म्हणाली तर बाबा म्हणाले, यंदा अधिक श्रावण आहे. फोटोखाली आईने एवढंच लिहिलं होतं. पुढे एक हसणारा इमोजी. आईला इमोजी जमत नाहीत. रडणारा पाठवायचा असेल.

म्हणून मी मे महिन्यातल्या एका शनिवारी हेअर ड्रायर, नायलॉनचं उलथनं आणि लांबीची पट्टी बॅगेत टाकून बदलापूरला उतरले. बाबांना न्यायचं नव्हतं, पण ते डोंबिवलीला त्याच डब्यात चढले. “एकटीला जमणार नाही,” म्हणाले.

गेटवर वॉचमनने चावी दिली. चावी त्याच्याकडे का आहे, हे मी विचारणार होते, पण बाबा लिफ्टकडे निघाले होते.

आत बंद घराचा वास. फरशीवर सिमेंटची बारीक पूड, आणि पुडीवर बुटांचे ठसे. दोन-तीन मापांचे. एक तर बायकांच्या टाचेच्या चपलेचा, दारापासून बेडरूमपर्यंत आणि परत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चहाचे चार कागदी कप, एकात सिगारेट विझवलेली. बाबा सिगारेट ओढत नाहीत. मी कप उचलून पिशवीत टाकले. बाबांनी ते पाहिलं. दोघंही काही बोललो नाही आणि हॉलच्या खिडकीपासून कामाला लागलो.

आतल्या बाजूची फिल्म अगदी रील्ससारखी निघाली. सर्रकन. तासाभरात हॉलचं आणि बेडरूमचं आतलं सगळं मोकळं. चौकटी दुधासारख्या. मी एक व्हिडिओ काढला, मैत्रिणींना पाठवला, तिघींनी बदाम पाठवले.

मग बाहेरची बाजू. खिडक्या पश्चिमेच्या. बदलापूरचं दुपारचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मी कोपरा उचलला, ओढला, आणि हातात नखाएवढा तुकडा आला. पुढचा त्याहून लहान. फिल्म पापडासारखी झाली होती. हात लावला की चुरा, आणि चुऱ्याखाली पिवळट चिकटा.

बाबा रंगाची रिकामी बादली पालथी घालून त्यावर बसले आणि सांगू लागले. एवढं मात्र त्यांना आवरत नाही. ही फिल्म पॉलिथिनची. चौकटीची पट्टी मशिनमधून निघते, पाण्यात गार होते, आणि पुढे तिथल्या तिथे तिच्यावर फिल्म चढवतात. कापताना, जोडताना, टेंपोत, साइटवर ओरखडे पडू नयेत म्हणून. गवंड्याचं सिमेंट, रंगाऱ्याचा थेंब, सगळं तिने झेलायचं. काम संपलं की तिचं काम संपलं. काही आठवडे, फार तर तीन महिने, एवढाच बेत करून ती बनवलेली असते. त्यापुढे ऊन तिच्या साखळ्या तोडतं. वरचं प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि खालचा गोंद तापून-तापून चौकटीच्या अंगाला बसतो. वरचं सुटायला बघतं, खालचं धरून ठेवतं. मध्ये फाटतं.

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“एकतीस वर्षं काय केलं मी?”

“मग?”

बाबांनी ड्रायर मागितला.

त्या दिवशी आम्ही काय काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी अशी खिडकी असणार. स्लायडिंगचं शटर वर उचलून ट्रॅकमधून काढता येतं, वरचा अडवणारा ठोकळा आधी काढावा लागतो, आणि काचेसकट ते जड असतं, एकट्याने करू नका. आम्ही ते आत आणून जुन्या गोधडीवर आडवं ठेवलं. पाचव्या मजल्यावरून बाहेर वाकायला बाबा तयारच नव्हते. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. मग ड्रायर. “लांब धर, हलवत राहा. ऐंशी डिग्रीला पीव्हीसी मऊ पडतं. फिल्म काढायचीय, चौकट वितळवायची नाहीये.” फिल्म कोमट झाली की नायलॉनचं उलथनं जवळजवळ आडवं धरून सरकवायचं. धातूची पट्टी नको. माझी लांबीची पट्टी बाबांनी पहिल्याच मिनिटाला जप्त केली. सिलिकॉनच्या कडेला फिल्म खाली दबलेली असते, तिथे कटरने हलकी रेघ मारायची आणि मग वरचा भाग काढायचा. राहिलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल लावून ठेवायचं, आणि शेवटी स्पिरिट. आमच्याकडे कोरोनात घेतलेला सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन होता, तो तीन वर्षांनी असा कामी आला.

शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करणारा रंगारी डोकावून म्हणाला, “काका, थिनर मारा, दोन मिनिटांत साफ.” बाबा इतके भडकले की तो माणूस परत आलाच नाही. थिनर पीव्हीसीला खातो. मी ते ऐकलं होतं, पण दुपारी बाबा पाण्याची बाटली आणायला खाली गेले तेव्हा पर्समधलं नेलपेंट रिमूव्हर एका कोपऱ्यावर लावून बघितलं. चिकटा गेला. चौकटीची झिलईही गेली. अंगठ्याएवढा मळकट डाग पडला, आजही आहे. बाबांनी आल्यावर तो पाहिला, त्यावर बोट फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ॲसिटोन.”

रात्री डोंबिवलीला पोचलो तेव्हा सहापैकी एक शटर झालं होतं.

रविवारी सकाळी आम्ही परत तिथेच, गोधडीच्या दोन बाजूंना. मी बरीच तयारी करून प्रश्न विचारला, तो अगदी साध्या आवाजात निघाला. “बाबा, किती देतायत?”

बाबांचं उलथनं थांबलं नाही. “बत्तीस म्हणतायत. आपल्याला सगळं मिळून सत्तावीसला पडलं. कर्ज फेडून थोडे उरतील.”

“कधीपासून चाललंय?”

“गेल्या जूनपासून. आठ पार्ट्या येऊन गेल्या.”

“आणि फिल्म?”

आता ते थांबले. “नव्या वस्तूचं प्लास्टिक घेणाऱ्याने काढायचं असतं. आपण काढलं की ती वापरलेली झाली.” मग थोड्या वेळाने, “दोन-तीन महिन्यांत जाईल असं वाटलं होतं गं. तेवढी फिल्म टिकली असती.”

खिडकीचं प्लास्टिक काढलेलं की न काढलेलं, यावर कुणी फ्लॅटचा भाव ठरवत नाही, हे बाबांनाही कळत असणार. एजंटने तर नक्कीच असं काही सांगितलं नव्हतं. पण मी काही बोलले नाही, कारण मला माझं सांगायचं होतं, आणि ते सकाळपासून घशात होतं.

डिसेंबरमध्ये माझा पगार वाढला होता. हातात महिन्याला सोळा हजार जास्त. मी घरी सांगितलं नव्हतं. पाच महिने तेच दहा हजार पाठवत होते. पीजीत एका खोलीत आम्ही तिघी राहतो, आणि मला एकटीची खोली हवी होती. कोथरूडला एक वन आरके बघून ठेवली होती. स्वतःचं दार, स्वतःची कडी. डिपॉझिटसाठी बाजूला टाकत होते. यात काही गुन्हा नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं होतं की त्यावरूनच कळायला हवं होतं.

मी सांगितलं. आकड्यासकट.

“मग बोलली का नाहीस?” बाबा म्हणाले.

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

बाबा म्हणाले, ड्रायर दे. मी दिला. त्यांनी तो चालू केला आणि बराच वेळ एकाच जागी धरून बसले. मला ओरडावं लागलं, “बाबा, लांब! ऐंशी डिग्री!”

मग ते हसले. मीही. पण हसणं संपल्यावर ते म्हणाले, “पोरीच्या पगारावर घर नाही चालवायचं मला. तुझं सगळं पुढे आहे.” आणि मी म्हणाले की मग माझ्या दहा हजारांचं काय होतं, ते काय बिनपगारी होते का? त्यावर आमचं चांगलंच वाजलं. ते सगळं इथे लिहीत नाही. माणसं भांडताना कितीही जुन्या गोष्टी काढू शकतात, माझ्या दहावीच्या क्लासच्या फीपर्यंत आम्ही गेलो. गंमत म्हणजे हात थांबले नव्हते. त्या तासाभरात आमचं सगळ्यात जास्त काम झालं.

पाच वाजता बेल वाजली. बाबांच्या तोंडाकडे बघून कळलं की ते विसरले होते. एजंट, आणि त्याच्याबरोबर एक नवरा-बायको, माझ्याच वयाचे. बाई टाचेच्या चपलेत नव्हती, म्हणजे ही नववी पार्टी.

हॉलमध्ये गोधडीवर शटर, सगळीकडे पांढरा चुरा, घरमालक घामाने निथळलेला. एजंट हसून म्हणाला, “साफसफाई चाललीय वाटतं.” बाई सरळ खिडकीपाशी गेली. बाहेरच्या चौकटीवर अर्धवट निघालेली फिल्म कोड आल्यासारखी दिसत होती. तिने विचारलं, “हे खराब झालंय का?”

“नाही, नाही,” बाबा म्हणाले, आणि सुरू झाले. पीव्हीसी, ‘यू’ म्हणजे काय, कप्पे, लोखंडी पट्टी, कोपऱ्याला स्क्रू नाही. तिला कोपऱ्यावरून बोट फिरवायला लावलं. ट्रॅकमधल्या पाण्याच्या खाचा दाखवल्या. बसवली होती तेव्हाच फिल्म काढायला हवी होती, चूक माझी आहे, चौकटीची नाही, असं स्वच्छ सांगितलं. वीस मिनिटं. नवऱ्याने दोनदा घड्याळ बघितलं. ती मात्र ऐकत होती. शेवटी म्हणाली, “काका, तुम्ही स्वतः का नाही राहत इथे?”

तिने ते सहज विचारलं असेल, भाव पाडायला नाही. बाबा म्हणाले, “अडतीस.”

एजंटने मान वळवून बाबांकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “आम्हाला बत्तीस सांगितले होते.” बाबा म्हणाले, “अडतीस. खिडक्या पाहिल्यात ना तुम्ही?”

लिफ्टपाशी एजंटचा आवाज ऐकू येत होता. “काका, असं असेल तर आधी सांगायचं. माझे पण पेट्रोलचे पैसे आहेत.” त्याचं चुकलं नव्हतं. वर्षभर तो माणूस उन्हातान्हात माणसं घेऊन पाच मजले चढउतार करत होता, लिफ्ट तर कितीतरी महिने बंदच होती. मी त्याला नंतर सॉरीचा मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला.

बाबा आत आले, बादलीवर बसले आणि म्हणाले, “आता हे एक शटर तरी संपवू.”

मी सोमवार-मंगळवारची सुट्टी टाकली. सोमवारी आई आली, डबा घेऊन. तिला काय आणि कसं सांगायचं हे आम्ही गाडीत ठरवलं होतं, पण तिने पोळी-भाजी वाढता वाढता विचारलं, “मग, रद्द केलंत ना विकायचं?”

तिला माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून. “एजंटचा फोन आला की हे चप्पल घालून गॅलरीत जातात. गॅलरीत चप्पल कशाला लागते?”

जेवण झाल्यावर आम्ही स्वयंपाकघराची खिडकी घेतली. ती उत्तरेची, ऊन कमी, सोपं जाईल असा अंदाज होता. मी शटरच्या हँडलपाशी कोपरा शोधायला गेले तर तिथे फिल्म नव्हतीच. हँडलच्या खाली वीतभर पट्टी मोकळी, सरळ कापल्यासारखी कड, आणि खाली चौकट लख्ख. चिकटा नाही, डाग नाही.

“ते मी काढलं होतं,” आई म्हणाली. “खिडक्या बसल्या त्याच आठवड्यात. मी आणि हे बघायला आलो होतो ना. हे वॉचमनशी बोलत होते तेव्हा.”

“का?”

“बघू म्हटलं खाली रंग कसा आहे.” मग जरा थांबून, “आणि एवढं तरी आपलं असू दे म्हटलं.”

बाबा तिथेच होते. त्यांनी त्या वीतभर पट्टीवरून अंगठा फिरवला, जसा माझ्या ॲसिटोनच्या डागावरून फिरवला होता. काही न बोलता पाणी प्यायला गेले. आम्ही बाहेर फ्रिज-बिज काही नसलेल्या त्या घरात बाटलीचं कोमट पाणी पिण्याचा आवाज ऐकत उभ्या होतो.

मंगळवारी संध्याकाळी शटरं ट्रॅकवर परत चढली. खाचांमधला गाळ मी केसांच्या पिनेने काढला. बाबांनी तांब्याभर पाणी घेऊन हॉलच्या ट्रॅकमध्ये हळूहळू ओतलं आणि मला खाली पिटाळलं. मी बिल्डिंगच्या मागे उभी राहून वर बघत होते. पाचव्या मजल्यावरून पाण्याच्या तीन बारीक धारा निघाल्या आणि चौथ्या मजल्याच्या छज्जावर पडल्या. मी हात हलवला. वरून अजून एक तांब्या आला. मग अजून एक. चौथ्या मजल्यावरच्या काकू बाहेर येईपर्यंत हे चाललं.

दसऱ्याच्या दिवशी, ऑक्टोबरमध्ये, ते दोघं राहायला गेले. अकरा हजार भाडं वाचलं, उरलेल्या हप्त्यातला अर्धा मी भरते. अर्धा, जास्त नाही, यावर बाबा अडून बसले आणि मला ते बरंच वाटलं. कोथरूडची खोली दुसऱ्या कुणी घेतली. मी अजून पीजीतच आहे, तिसरी मुलगी बदलली. कधीकधी रात्री तिचा अलार्म वाजतो तेव्हा राग येतो, कुणाचा ते नीट सांगता येत नाही. बाबा फॅब्रिकेटरकडे आठवड्यातले तीन दिवस जातात. पैसे फार नाहीत. हॉलमध्ये त्यांनी पहिल्याच रविवारी ड्रिल आणून एक खिळा ठोकला आणि कालनिर्णय लावलं. ते जरा तिरकं आहे.

बाहेरच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर, जिथे हात पोचत नाही तिथे, फिल्मचे दोन तुकडे अजून आहेत. त्यावर धूळ बसून ते काळे पडलेत. पावसात कधीतरी आपसूक जातील असं बाबा म्हणतात, आई म्हणते जाणार नाहीत.

गेल्या मार्चमध्ये आमच्या मजल्यावर ५०४ ला नव्या खिडक्या बसल्या. बाबांनी तिसऱ्या दिवशी जाऊन बेल वाजवली. तिथला मुलगा म्हणाला, “काढू ना काका, वास्तुशांत झाली की काढू.” बाबा “बरं” म्हणून परत आले. आठवड्याने परत गेले. आता ते रोज सकाळी दूध आणायला जाताना ५०४ च्या खिडकीकडे खालून बघतात आणि आल्यावर आईला सांगतात की अजून तसंच आहे.